कलम नऊ, शब्द पाचवा

आमचा देश महासत्ता झाला त्याला कारण माझ्या नवऱ्याची पोटदुखी. तो तेव्हा चार महिन्यांचा होता. त्यानंतरच्या साठ वर्षांत त्याने देशासाठी दुसरं काही केल्याचं मला माहीत नाही, पण एकदा केलं ते पुरून उरलं.

त्याआधी आम्ही फक्त मीठ विकायचो. समुद्र होता, ऊन होतं आणि दुसरं काही करायची कुणाला घाई नव्हती. खरेदीदार देशाची जहाजं यायची. भाव तेच ठरवायचे, वजन तेच करायचे आणि माल भरून होईपर्यंत उरलेल्या वेळात आम्हाला शिस्त शिकवायचे. कॉलेजात तेव्हा एक धडा असायचा: कच्चा माल विकणारा देश कायम कच्चाच राहतो. तो धडा पुढे अभ्यासक्रमातून काढला. प्राध्यापक अजून आहेत, पण ते आता काहीतरी वेगळं शिकवतात.

पहिला लेखी करार व्हायची वेळ आली तेव्हा आमचे व्यापारमंत्री म्हणाले, सगळी कलमं त्यांचीच आहेत, एक तरी वाक्य आपलं असावं. म्हणून त्यांनी नववं कलम स्वतःच्या हाताने घातलं: "खरेदीदार देश खाल्ल्या मिठाला जागेल." त्याला कायद्यात काही अर्थ नव्हता. घराला रंग देऊन झाल्यावर उरलेल्या रंगात दारावर एखादं फूल काढावं, तसं ते वाक्य होतं.

भाषांतर माझ्या सासूबाईंकडे आलं. त्या तेव्हा चोवीस वर्षांच्या. खरेदीदारांची भाषा येणारी मंत्रालयातली ती एकच व्यक्ती, आणि तीही बंदरावरच्या पार्सल खात्यात लेबलं वाचून वाचून शिकलेली. घरी बाळाचं पोट दुखत होतं. सलग तीन रात्री त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. आठ कलमं त्यांनी व्यवस्थित उतरवली. नवव्यात पाचवा शब्द आला, "जागेल", आणि त्या क्षणी त्या शब्दाचा जगात एकच अर्थ असू शकतो अशी त्यांची खात्री होती. त्यांनी खरेदीदारांच्या भाषेत लिहिलं: खरेदीदार देश मीठ खाल्ल्यावर झोपणार नाही.

खरेदीदारांच्या वकिलांनी ते दोनदा वाचलं. एकाला वाटलं समुद्री मिठाचा काही औषधी गुण असेल, दुसऱ्याला वाटलं पहिल्याला कळलंय. सह्या झाल्या.

अकरा महिन्यांनी आमचे तेच मंत्री "बाष्पीभवनाचे टप्पे" या विषयावर बोलत असताना तिसऱ्या टप्प्यावर खरेदीदारांचा राजदूत पेंगला. मंत्र्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी विचारलं, याच्याविरुद्ध करारात काही आहे का? फाइल मागवली. हाताला लागली ती परदेशी प्रत. सासूबाईंना बोलावून वाचायला सांगितली. त्यांनी लिहिलं होतं ते वाचलं. बंदर बंद झालं.

तिकडे तेव्हा बर्फाचे दिवस. रस्त्यांवर टाकायला मीठ नाही, कातडी कमवायला नाही, साबणाचे कारखाने थंड. दहाव्या दिवशी त्यांच्या संसदेने जागरणाचा कायदा केला. तेव्हापासून आम्ही मागे वळून पाहिलेलं नाही. पाहायची गरजच नव्हती, कारण मागचे सगळे पेंगत होते.

पुढे लवादाने माणुसकी म्हणून त्यांना रोज चार तासांची सवलतीची झोप दिली. त्यांच्याकडच्या खुर्च्यांना पाठी राहिल्या नाहीत. आमचे जाग-निरीक्षक तिकडे फिरू लागले. त्यांच्या नियमावलीत कुणीतरी लिहिलं होतं, "निरीक्षकाने डोळ्यांत तेल घालून काम करावे." भाषांतराला आल्यावर ते मी स्वतः खोडलं. नाहीतर परदेशात काय झालं असतं याचा विचारही करवत नाही. बाकीच्या एकतीस देशांनीही आमच्याकडून मीठ घेताना हाच करार उचलला, कारण वकील नवीन लिहीत नाहीत, जुनं उतरवून काढतात.

लोकांना वाटतं आमची ताकद मिठात आहे. मिठाला आता कोण विचारतं. आमची ताकद दुपारी अडीच वाजता असते. आमची कार्यालयं दीड ते चार बंद, सगळा देश पंख्याखाली आडवा. उघडं असतं फक्त परराष्ट्र खातं, तेही अडीचलाच. समोर जगातला कुठलाही मुत्सद्दी असो, तेवढ्या वेळाला तो तिसरं पान वाचत नाही. गेल्या साठ वर्षांतले तह काढून बघा: आमच्या बाजूची सही सरळ असते, समोरची ओळ सोडून खाली घसरलेली. दोन बेटं, एक सामुद्रधुनी आणि जगाची प्रमाणवेळ आम्हाला अशीच जांभयांतून मिळाली.

सासूबाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांची खुर्ची मला मिळाली, त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. सासूची चूक हाती लागणं हे कुठल्याही सुनेचं भाग्य. माझ्या हाती लागलेली चूक मात्र राष्ट्रीय मालमत्ता आहे, तिच्यावर बोट ठेवायलाही परवानगी लागते.

साठ वर्षांची मुदत संपत आली. नूतनीकरणाला आठ दिवस उरले असताना उपसचिव माझ्या टेबलाशी आले. ते स्वतः येतात तेव्हा खुर्ची घेत नाहीत, टेबलाच्या कडेला एक मांडी टेकवतात. याचा अर्थ, हे बोलणं झालंच नव्हतं असं समजायचं.

"मॅडम, आजींची तब्येत कशी आहे?"

"उत्तम."

"म्हणजे कार्यक्रमाला येण्याइतपत?"

"त्याहून बरी. बोलण्याइतपत."

ते जरा वेळ माझ्या पेनांच्या डब्याकडे बघत राहिले. "त्यांचं पत्र आलंय."

"दर वर्षी येतं."

दर वर्षी येतं हे खरं आहे. निवृत्तीपासून सासूबाई मंत्रालयाला एकच पत्र पाठवतात: "कलम नऊमधील पाचव्या शब्दाचे भाषांतर माझ्याकडून चुकले आहे. येथे जागणे म्हणजे झोप न घेणे नव्हे, इमान राखणे. कृपया शुद्धिपत्र काढावे." मंत्रालयही एकच उत्तर पाठवतं: "आपल्या पत्राची नोंद घेतली आहे. कळावे."

"या वर्षी लिहिलंय की उत्तर पाठवू नका, मी स्वतः येतेच आहे," उपसचिव म्हणाले.

"मग बोलावू नका."

"जागमातेला वगळून नूतनीकरण? वर्तमानपत्रं मला चार तासही झोपू देणार नाहीत." त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघा, त्या बोलणार आपल्या भाषेत. खरेदीदारांना ती येत नाही. त्यांचा दुभाषी गेल्या बैठकीत क्रियापदाच्या अलीकडेच झोपला, तेव्हापासून दोन्हीकडचं तुम्हीच बघता. म्हणजे मधे तुम्ही. त्या काहीही म्हणोत, तिकडे पोचायचं ते 'या शुभप्रसंगी मला आनंद होत आहे' एवढंच."

"सासूच्या तोंडी शब्द घालू?"

"लोक फुकट घालतात मॅडम. तुम्हाला तर त्याचा पगार आहे."

"आणि त्यांना ती भाषा माझ्याहून चांगली येते ते? मी आनंद म्हटलं की त्या माइकवरच म्हणतील, सूनबाई, मी असं म्हटलं नाही."

उपसचिवांनी मांडी उचलली. "घरातलं घरात मिटवा. देश म्हणजेही शेवटी एक कुटुंबच की."

"म्हणून तर मिटत नाही," मी म्हटलं, पण ते बोलणं झालंच नव्हतं.

घरी आले तर सासूबाई जेवणाच्या टेबलावर लाल पेन्सिल घेऊन बसल्या होत्या. आमच्या घरात येणारा प्रत्येक कागद त्या पेन्सिलीखालून जातो. औषधाच्या बाटलीभोवतीची पट्टी, नातीचं प्रगतिपुस्तक, सोसायटीची नोटीस. माझ्या नवऱ्याला निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या मानपत्रात त्यांना अकरा चुका सापडल्या, त्यातल्या नऊ व्याकरणाच्या आणि दोन वस्तुस्थितीच्या. आज चौथीचं पाठ्यपुस्तक उघडं होतं. त्यात "जागमाता" नावाचा धडा आहे आणि त्यांचं चित्र.

"आई, गुरुवारी काय बोलणार आहात?"

"दोन वाक्यं. चूक झाली. दुरुस्त करा."

"देश बुडेल हो."

"मिठाचा देश. कधीतरी विरघळणारच."

"पुस्तकातून तुमचं चित्र काढतील."

"बरं होईल. डोळे बघ कसे काढलेत, घुबडासारखे. त्या दिवशी माझे डोळे उघडे असते तर ही वेळ आली असती का?"

दिवाणावरून माझा नवरा म्हणाला, "आई, साठ वर्षं झाली. आता कशाला उकरून काढतेस?"

"तू बोलू नकोस. तुझ्याच पोटातून निघालंय हे सगळं."

"मी काय मुद्दाम दुखवून घेतलं?" असं म्हणून तो भिंतीकडे वळला. नागरिक म्हणून तो निर्दोष आहे. दोन मिनिटांत त्याचा श्वास लांब झाला.

सासूबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "तुला म्हणून सांगते. चौतीस वर्षं नोकरी केली. किती पानं उतरवली असतील, मोजली नाहीत. बंदराचे नियम, जहाजांचे तंटे, दोन युद्धं थांबवणारी पत्रं. सगळं बरोबर. कुणाला माहीत आहे त्यातलं? कुणालाच नाही. एक शब्द चुकले आणि पुतळा त्या चुकीचा उभा केला. माझ्या मागे माझ्या नावावर तेवढंच राहणार. बाई गेली, चूक अमर." त्यांनी पुस्तक मिटलं. "मला ती तशी सोडून जायचं नाही."

"आणि मी काय करू? मधे मी उभी असणार."

"तू भाषांतर कर."

"कसं?"

"बरोबर," त्या म्हणाल्या, आणि सोसायटीची नोटीस पुढे ओढली.

गुरुवारी अडीचला सभागृह नेहमीसारखं तयार होतं. पडदे ओढलेले, पंखे सगळ्यात कमी वेगावर, त्याआधीचं जेवण मुद्दाम जड ठेवलेलं. आमच्या बाजूला गाद्यांच्या खुर्च्या, त्यांच्या बाजूला पाच स्टुलं. खरेदीदारांचे पाच प्रतिनिधी ताठ बसले होते. टेबलाखाली एकमेकांना चिमटे काढायची त्यांची पाळी ठरलेली असते. ती चालू होती. कोपऱ्यात जाग-निरीक्षक स्टीलची ताटली आणि चमचा घेऊन बसला होता. तो मधूनच चमचा ताटलीत टाकतो आणि कोण किती दचकलं ते लिहून घेतो. शिष्टमंडळाचे प्रमुख उंच, राखाडी गृहस्थ होते. त्यांच्या पापण्या नुसत्या सवयीवर उभ्या होत्या.

आमचे मंत्री परंपरेप्रमाणे बाष्पीभवनावर बोलले. मग जागमातेला दोन शब्द बोलण्याची विनंती झाली. सासूबाई काठी टेकत माइकपाशी गेल्या. मी दुसऱ्या माइकपाशी. पहिल्या रांगेतून उपसचिव माझ्याकडे बघत होते आणि ओठांनी, आवाज न करता, "शुभप्रसंगी" असं म्हणत होते.

"साठ वर्षांपूर्वी याच खोलीत मी नवव्या कलमाचं भाषांतर केलं," सासूबाई म्हणाल्या. "पाचवा शब्द चुकला. माझं मूल तीन रात्री रडत होतं आणि मला झोपेखेरीज काही सुचत नव्हतं. मूळ वाक्यात झोपेचा काही संबंध नाही. खाल्ल्या मिठाला जागणं म्हणजे ज्याचं खाल्लं त्याच्याशी इमान राखणं. तुम्हाला झोपता आलं असतं. चूक माझी. दुरुस्त करा."

आमचे मंत्री हसतमुखाने मान हलवत होते. कार्यक्रमात म्हातारी माणसं बोलतात तेव्हा ते अशीच हलवतात, ऐकत नाहीत. उपसचिवांचे ओठ थांबले होते.

मला "या शुभप्रसंगी" खरेदीदारांच्या भाषेत झोपेतही म्हणता येतं. ते जिभेवर आलंही होतं. पण बाजूला दोन हातांवर सासूबाई उभ्या होत्या, मान किंचित तिरकी करून, नातीचं प्रगतिपुस्तक बघताना करतात तशी. मी सगळं सांगितलं. क्रमाने, बाळाच्या रडण्यासकट. "तुम्हाला झोपता आलं असतं" हे वाक्य संपलं तेव्हा निरीक्षकाच्या हातून चमचा ताटलीत पडला आणि कुणीही दचकलं नाही. पाचही जण टक्क जागे होते.

"पुन्हा सांगा," प्रमुख म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पाच मिनिटं मागितली आणि पाचही जण खिडकीपाशी गेले, माझ्या अगदी पाठीमागे. दुभाषी म्हणजे यांच्या लेखी काच. पलीकडचं दिसलं की झालं, काचेला ऐकू येतं हे कुणाच्या ध्यानात राहत नाही.

"म्हणजे झोपायचं," त्यांच्यातली एक बाई म्हणाली. "आज घरी गेल्यावर. दार लावून."

"थांब जरा," दुसरा म्हणाला. "झोपेची अट गेली तर तिच्या जागी काय येतंय ते ऐकलंस का? इमान."

"राखू की इमान. त्यात काय?"

"कसं राखणार? आता निरीक्षक येतो, चमचा टाकतो, आपण दचकतो, तो लिहून घेऊन जातो. इमान चमच्याने कळतं का? ते घरोघर माणसं पाठवतील. मनात काय चाललंय ते बघायला."

"माझ्या मनात त्यांच्याविषयी जे चाललंय ते त्यांनी बघितलं तर..."

"हळू बोल."

प्रमुख पडद्याकडे वळले. मग म्हणाले, "साठ वर्षं आपण यांना मनातल्या मनात शिव्या देत आलो. करारात त्याला मनाई नाही. डोळे उघडे ठेवायचे आणि द्यायच्या. उद्यापासून तेही बंद. एवढं एकच काय ते आपल्याकडे उरलंय." त्यांनी पडद्याची कड बोटांनी नीट केली. "आणि माझे वडील गेले तेव्हासुद्धा झोपायची वेळ झाली नव्हती म्हणून उशीला टेकले नाहीत. बसूनच गेले. त्यांना काय सांगू? एका बाळाचं पोट दुखत होतं?"

त्या बाईने एकदा मोठी जांभई दिली आणि तोंडावर हात ठेवला.

ते परत येऊन स्टुलांवर बसले. "खरेदीदार देशाची दुरुस्तीला हरकत आहे," प्रमुख म्हणाले. "कलम आहे तसं ठेवावं. आम्ही झोपणार नाही."

मी भाषांतर केलं. मंत्र्यांचं डोकं हलायचं थांबलं. "कसली दुरुस्ती? कोण म्हणालं?" उपसचिवांनी त्यांच्या कानाला लागून सगळं सांगितलं. मंत्र्यांचा चेहरा उलट उजळला. "इमान? अहो, मग ते चांगलंच की. इमान मिळत असेल तर घेऊन टाका."

"साहेब, इमान राखणारा माणूस झोपून उठलेला असतो," उपसचिव हळूच म्हणाले. "अडीच वाजता तो प्रश्न विचारतो."

मंत्र्यांनी क्षणभर विचार केला. मग माइक ओढून म्हणाले, "खरेदीदारांच्या भावनांचा आम्ही आदर करतो."

टाळ्या झाल्या. सत्तावीस वर्षांत दोन्ही बाजूंनी एकाच वेळी टाळ्या वाजवल्याचं मी प्रथमच पाहिलं.

सासूबाई माइकपाशी तशाच उभ्या होत्या. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "ती ठेवायची का काढायची, हे तुम्ही कोण ठरवणार?"

मी प्रमुखांना सांगितलं. ते उठून उभे राहिले. "त्यांना सांगा, आजी, ही चूक आता आम्हीही वापरलीय. तुमच्या एकट्यांची राहिली नाही."

"मी याची आजी कधीपासून?" सासूबाई मला म्हणाल्या. ते मी तिकडे पोचवलं नाही. त्या दिवशी गाळलेलं तेवढं एकच वाक्य.

मग उपसचिवांना मार्ग सुचला. अशा वेळी त्यांना सुचतोच, म्हणून ते उपसचिव आहेत. "भाषांतर मुळाशी जुळत नाही एवढीच अडचण आहे ना? मग मूळच भाषांतराशी जुळवू. शब्दकोशाला शुद्धिपत्र जोडायचं. 'जागणे, अर्थ दुसरा, इमान राखणे: वगळण्यात येत आहे.'" ते सासूबाईंकडे वळले. "तुम्हाला शुद्धिपत्रच हवं होतं ना?"

मसुदा दहा मिनिटांत टाइप होऊन आला. आमच्या खात्यात पंखा दुरुस्त करायला याहून जास्त दिवस लागतात.

"मग जो खरंच खाल्ल्या मिठाला जागेल, त्याला काय म्हणायचं?" सासूबाईंनी विचारलं.

"तसं कोणी आढळलं की शब्द शोधू," मंत्री म्हणाले.

शेवटचं पान राहिलं होतं, दुभाष्याचं प्रमाणपत्र. नमुना जुना आहे, पार्सल खात्याच्या काळातला: "वरील भाषांतर मुळाशी ताडून पाहिले. ते ........ आहे." रिकाम्या जागी हाताने लिहायचं असतं. या सत्तावीस वर्षांत जेवढी परिशिष्टं आली तेवढ्यांवर मी "बरोबर" लिहिलेलं आहे. आताही शब्दकोश बदलल्यामुळे बरोबरच होतं; दहा मिनिटांपासून होतं. मी पेन उघडलं. "ब"ची उभी रेघ ओढायला हात पुढे गेला आणि कागदाच्या वर बोटभर अंतरावर राहिला. माझ्या शेजारी सासूबाई येऊन बसल्या होत्या. त्यांनी कागदाकडे पाहिलं नाही, माझ्या हाताकडे पाहिलं.

"मूळ भाषांतर कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"तुमचं."

"मग प्रमाणपत्र कुणी द्यायचं असतं?"

"मूळ भाषांतरकार हयात असल्यास त्यानेच," उपसचिव म्हणाले. नियम त्यांना इतके पाठ आहेत की विचार करण्याआधी तोंडातून निघतात. निघाल्यावर त्यांनी ओठ मिटले, पण उशीर झाला होता. मी पेन सासूबाईंच्या हातात दिलं होतं.

त्यांनी रिकाम्या जागेत एकच शब्द लिहिला आणि खाली सही केली. मी वाचलं: "वरील भाषांतर मुळाशी ताडून पाहिले. ते चूक आहे."

कागद प्रमुखांपुढे गेला. त्यांनी तो जवळ धरला, लांब धरला. "इथे हाताने काय लिहिलंय?"

उपसचिवांनी डोळे मिटले.

"लिहिलंय की भाषांतर चूक आहे," मी त्यांच्या भाषेत स्पष्ट सांगितलं.

प्रमुखांनी मान डोलावली. पाच मिनिटांची जाग आता ओसरली होती, पापण्या पुन्हा सवयीवर आल्या होत्या. "म्हणजे सगळ्या रिकाम्या जागा भरल्या. सही कुठे करू?"

"काय म्हणतायत?" मंत्र्यांनी विचारलं.

"सही कुठे करायची विचारतायत."

"खाली," मंत्री म्हणाले, आणि कागद न वाचता आधी स्वतःची केली. प्रमुखांची त्याशेजारी उतरली, थोडी तिरकी, ओळ सोडून. शिक्का बसला. आणखी साठ वर्षांसाठी दोन देशांनी लेखी मान्य केलं की करार चुकीचा आहे आणि तो पाळला जाईल.

सासूबाईंनी तो कागद परत मागून घेतला, डोळ्यांजवळ धरून आपला शब्द, मंत्र्यांची सही, प्रमुखांची सही असं क्रमाने बघितलं, आणि उपसचिवांच्या हातात ठेवला. उपसचिवांचा चेहरा मिठासारखा झाला होता.

"आता याच्या एकतीस प्रती काढाव्या लागतील," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "बाकीच्या देशांसाठी."

"तशाच्या तशा?" मी विचारलं.

"शिक्का बसलेल्या मूळ प्रतीत खातं फरक करत नाही."

सासूबाई काठी घेऊन उठत होत्या, त्या पुन्हा खाली बसल्या. त्यांनी चष्मा लावला आणि हात पुढे केला.

"मग आणा बघू इकडे," त्या म्हणाल्या. "'चू'चा ऊकार ऱ्हस्वासारखा दिसतोय. एकतीस ठिकाणी जायचंय."